एक दिवस गादीबाहेर

व्यापारी कुटुंबांचा प्रवास पुष्कळ होतो, पाहणे मात्र क्वचित घडते. वर्षभरात लग्ने असतात, साखरपुडे असतात, दुःखद प्रसंगी बैठकीला जाणे असते, चातुर्मासात गुरुभगवंतांच्या दर्शनाला संघाबरोबर जाणे होते. खरेदीसाठी सुरत, भिवंडी, इचलकरंजी यांच्या खेपा तर ठरलेल्याच. गाडीच्या खिडकीतून हजारो किलोमीटरचा मुलूख मागे जातो. पण पोहोचायचे ठिकाण नेहमी कोणाचे तरी घर, मंगल कार्यालय, स्थानक किंवा ठोक व्यापाऱ्याची पेढी हेच असते. पती आणि पत्नी दोघेच, कोणाच्याही कार्याला नव्हे, केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडले, असा दिवस किती घरांत आला असेल, याचा ज्याने त्याने आपल्याशी विचार करावा.

बीड शहरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी असा दिवस लग्नाला एकोणचाळीस वर्षे झाल्यावर आला. बाजारात त्यांना सारे शेठजी म्हणतात आणि गल्लीत त्यांच्या पत्नीला काकीजी. येथेही तीच नावे पुरेत. शेठजींचे वय त्रेसष्ट, काकीजींचे साठ. दुकान वडिलांच्या काळचे, सुभाष रोडच्या परिसरातले. मुलगा दुकानात वडिलांबरोबर असतो. सून अंबाजोगाईची, वाणिज्य शाखेची पदवीधर. मुलगी मात्र जपानमध्ये, जावयांच्या नोकरीमुळे टोकियो शहराच्या निशी-कासाई भागात. त्या भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने डाळ-तांदूळ, पीठ आणि बोलायला शेजारीण या तिन्ही गोष्टी तिला तेथे मिळतात.

मुलीला जाऊन चार वर्षे झाली. दर वर्षी तिचे बोलावणे येई आणि शेठजींचे उत्तर ठरलेले असे, "पुढच्या वर्षी पाहू." या वर्षी तिने उत्तराची वाट न पाहता कार्यक्रमच आखून पाठविला. मार्चअखेर चेरीचा बहर सुरू होतो, तेव्हा यावे. टोकियोत आठवडाभर राहावे, मग क्योतो आणि नारा पाहावे आणि शेवटी कोबे शहरात जावे. कोबेच्या कितानो भागात पांढऱ्या संगमरवराचे महावीरस्वामींचे मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापाराने तेथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी ते १९८५ मध्ये उभे केले. परमुलखात गेलेला व्यापारी आधी पेढी उभी करतो आणि मग मंदिर, हा क्रम शेठजींना ऐकताच ओळखीचा वाटला.

अडचण खर्चाची नव्हती. अडचणी दोन होत्या. पहिली काकीजींच्या गुडघ्यांची. मुलीने स्पष्ट लिहिले होते की जपानमध्ये गाडी दारात उभी राहत नाही. स्थानकांतून, जिन्यांवरून, देवळांच्या पायऱ्यांवरून दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. क्योतोच्या फुशिमी इनारी या देवस्थानी तर हजारो तांबड्या कमानींखालून डोंगर चढत जायचे, आणि तो डोंगर २३३ मीटर उंच. दुसरी अडचण गादीची. मुलगा खरेदीसाठी बाहेर असताना शेठजी दुकानात नाहीत, असे कधी घडलेच नव्हते. तीन आठवडे दोघांनी बाहेर राहायचे, तर मुलाच्या गैरहजेरीत गादीवर कोण बसणार? हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नव्हता, कारण उत्तर घरातच होते आणि ते कोणी उच्चारत नव्हते.

तिकिटे महिनाअखेरपर्यंत काढावी लागणार होती. पुढे बहराच्या दिवसांचे भाडे वाढत जाते. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात काकीजींनीच मार्ग सुचविला. "अहो, जपानचे मागाहून ठरवू. आधी एक दिवस आपल्याच जिल्ह्यात चालून पाहू. माझे गुडघे काय म्हणतात ते मला कळेल, आणि दुकान काय म्हणते ते तुम्हाला कळेल."

शेठजींनी दिनदर्शिका पाहिली. लग्नसराई सुरू झालेली. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेल्याने दिवाळी थंड गेली होती. जो काही व्यापार व्हायचा तो याच महिन्यात. मुलगा सुरतेला निघालेला. तरीही त्यांनी बुधवार ठरविला. मंगळवारी रात्री गल्ल्याची किल्ली सुनेच्या हाती देताना ते एवढेच म्हणाले, "बेटा, उद्या गादी तुझी."

बुधवारी पहाटे काकीजींनी पाणी उकळून दोन मोठ्या सुरयांत भरले. हिवाळ्यात उकळलेले पाणी चार प्रहर चालते, म्हणजे सूर्यास्तापर्यंतचा प्रश्न मिटला. मेथीचे ठेपले, खाखरे, कोरडी चटणी आणि मुगाचा शिरा असे दोन वेळचे दोन डबे बांधले. भाड्याची गाडी सव्वासहाला दारात आली. दिवसाचे वेळापत्रक सूर्यानेच आखून दिलेले होते. सकाळी पावणेसातच्या आत उगवणार, त्यानंतर नवकारसी. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास मावळणार, त्याआधी चौविहार. या दोन टोकांच्या मध्ये जिल्हा बसवायचा होता.

पहिला मुक्काम शहरातलाच, बिंदुसरेच्या काठचे कंकालेश्वर. दोघांचा जन्म आणि संसार याच शहरातला. पण दिवसाउजेडी, घाई नसताना हे देऊळ पाहिल्याचे दोघांनाही आठवेना. चौकोनी जलकुंडाच्या मधोमध काळ्या दगडात उभे असलेले हे मंदिर. त्याचा तलविन्यास ताऱ्याच्या आकाराचा, गाभारे तीन. बांधणीचा नेमका काळ अभ्यासकांनी निरनिराळा मानला आहे. कोणी चालुक्यांकडे, तर कोणी यादवांकडे ते श्रेय देतात. यंदाच्या पावसाने कुंड भरलेले होते आणि उगवतीच्या उन्हात देवळाचे प्रतिबिंब स्थिर पडले होते. काकीजींनी पूर्ण प्रदक्षिणा घातली. कोपऱ्यामागून कोपरा येत राहतो आणि भिंत सरळ अशी कोठेच जात नाही, हे त्यांनीच शेठजींना दाखविले. नवकारसीची वेळ होताच दोघांनी बाहेरच्या कठड्यावर बसून पहिला डबा उघडला. समोरून सायकलवर जाणारा दूधवाला शेठजींना ओळखून थांबला आणि त्याने काळजीने विचारले, "शेठजी, सगळे बरे आहे ना?" बुधवारच्या सकाळी शेठजी दुकानाच्या रस्त्यावर नाहीत, म्हणजे घरात काहीतरी घडले असणार, असा त्याचा समज झाला होता.

तेथून सोलापूर रस्त्याने सहा किलोमीटरवर खजाना विहीर. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तुजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगतात. सरकारी खजिन्यात भरायची रक्कम सलाबतखानाने या विहिरीवर खर्च केली आणि जाब विचारला गेला तेव्हा खजिना जमिनीत सुरक्षित आहे असे उत्तर दिले, अशी लोकांत कथा आहे. कथा खरी असो वा नसो, विहिरीची योजना मात्र विचार करण्यासारखी आहे. जमिनीखालून दोन मार्गांनी पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या मार्गाने ते उताराने शेतांकडे जाते. मोट नाही, पंप नाही. कडक दुष्काळातही हिची पातळी फारशी हलत नाही, असे बीडकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

शेठजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "येणे दोन वाटांनी आणि जाणे एकाच वाटेने. म्हणून शिल्लक राहते." काकीजी म्हणाल्या, "जाणे बंद केले असते तर पाणी कुजले असते, तेही लक्षात घ्या." शेठजींनी यावर काही म्हटले नाही, पण गाडीत बसल्यावर दुकानात फोन करण्यासाठी बाहेर काढलेला मोबाइल त्यांनी पुन्हा खिशात ठेवला.

मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी बालाघाटाच्या माथ्यावर आली. मन्मथस्वामींचे कपिलधार येथून जवळच. पण सगळेच एका दिवसात पाहायचे ठरविले तर काहीच पाहून होत नाही, हे काकीजींनी आदल्या दिवशीच बजावले होते. नेकनूर आणि केज मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीचे पीक फुलावर होते. मधूनमधून वाहून गेलेल्या मातीची उघडी रानेही दिसत होती. गिऱ्हाईक दुकानात येऊन नुकसान सांगते, तेव्हा ते कानांनी ऐकले जाते. येथे ते शेठजींच्या डोळ्यांसमोर मैलोन्‌मैल होते.

अकराच्या सुमारास अंबाजोगाई आली. निजामी अमलात या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि येथे घोडदळाची छावणी होती. प्रथम ते जयंती नदीच्या काठची हत्तीखान्याची लेणी पाहायला गेले. शिवलेणी किंवा जोगाईचा मांडव अशीही त्यांची नावे आहेत. जमिनीच्या पातळीखाली खडक कोरून काढलेले प्रशस्त अंगण, त्यात दगडी हत्ती, मधोमध नंदीचा मंडप आणि कडेने खांबांचे सभामंडप. वेरूळला जाणारी माणसे येथून शंभर वेळा एसटीने गेली असतील; थांबलेली थोडी.

या मांडवाची लोककथा सर्वांना ठाऊक आहे. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला. सारे वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी अंबाजोगाईतच राहिली. काकीजी एका हत्तीच्या सावलीला बसल्या होत्या. त्या सहज बोलल्या, "मुहूर्त टळला की काय होते ते पाहून घ्या. चार वर्षांपासून पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी चालले आहे." शेठजी हसले, परंतु हे बोलणे केवळ थट्टेचे नव्हते, हे दोघांनाही कळत होते. मुलीच्या घराचे दार काकीजींनी फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिले होते.

आता एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सुनेचे माहेर अंबाजोगाईतच, तरीही त्यांनी व्याह्यांना कळविले नव्हते. आपल्या घरांत पाहुणचाराची रीत अशी आहे की कळविले असते तर दिवस तेथेच संपला असता. नाश्ता, मग जेवण, मग चहा, मग शेजारच्या दोन घरी पायधूळ. म्हणून गुपचूप यायचे आणि गुपचूप जायचे, असा बेत होता. तो योगेश्वरीच्या देवळाबाहेर फसला. व्याह्यांचे धाकटे बंधू समोरून आले, दोघांना पाहून थबकले, नमस्कार केला आणि पाठ फिरवून फोन लावला. दहा मिनिटांत व्याही स्वतः हजर झाले. चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजी अधिक, कारण मुलीचे सासू-सासरे न सांगता गावात येतात याचा अर्थ बाप निराळाच लावतो.

जेवायला बसणे भाग पडले. फुलके, गट्ट्याची भाजी, मुगाची डाळ, तुरीच्या ओल्या दाण्यांची उसळ. वाढता वाढता विहीणबाईंनी जपून विचारले, "आमची मुलगी घरी एकटीच आहे का आज?"

शेठजी म्हणाले, "घरी नाही. दुकानात आहे. आज गादीवर तीच आहे."

विहीणबाईंचा हात डाळीच्या वाटीवर थांबला. काही क्षण त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग पदराने डोळे टिपत आत गेल्या. व्याही हळू आवाजात म्हणाले, "ती बारावीत असताना माझ्या दुकानात बसायचे म्हणत होती. मी नाही म्हणालो. लोक काय म्हणतील, असे वाटले." शेठजींनी त्यांना दोष दिला नाही. सहा वर्षे त्यांनीही तेच केले होते. सून रोज रात्री संगणकावर हिशेब लिहीत असे, जीएसटीची विवरणपत्रे तीच भरत असे. परंतु गिऱ्हाइकासमोर गादीवर बसणे ही निराळी गोष्ट होती आणि ती तिला या घरात अद्याप मिळाली नव्हती.

अर्ध्या तासाऐवजी दीड तास गेला. सव्वादोनला निघताना दासोपंतांच्या पासोडीचा विषय निघाला. दासोपंत हे १५५१ ते १६१५ या काळातले अंबाजोगाईचे संतकवी. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी 'पंचीकरण' हा विषय चक्क कापडावर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ही पासोडी अंबाजोगाईत जतन केलेली आहे. ती पाहण्यास वेळ उरला नव्हता. पण शेठजींमधला कापड व्यापारी जागा झाला. "चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंची पन्हा. हातमागावर त्या काळी एवढा पन्हा निघणे कठीण. मध्ये जोड असणार. आणि शाई पसरू नये म्हणून कापडाला चांगली खळ दिलेली असणार. पुढच्या वेळी तीच पाहायची." काकीजींनी 'पुढच्या वेळी' हे शब्द ऐकले आणि या खेपेला त्यांना ते खटकले नाहीत.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर, डोंगराच्या कपारीत आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा. विदर्भातील आंभोरे हे मुकुंदराजांचे स्थान मानणारे अभ्यासकही आहेत. पण मराठवाड्याची श्रद्धा अंबाजोगाईच्या या कपारीशी जोडलेली आहे. समाधीकडे जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि गुडघेदुखी असणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते.

काकीजी पहिल्या वळणावर थांबल्या. दुसऱ्या वळणावर बसल्या. शेठजी म्हणाले, "राहू दे, येथूनच हात जोडू." त्या म्हणाल्या, "जपानमध्येही असेच म्हणणार का?" मग त्या कठड्याला धरून, तिरके पाऊल टाकत, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागल्या. शेठजींनी त्यांचा दुसरा हात धरला. एरवी चारचौघांत असा हात धरण्याची त्यांच्या पिढीला सवय नाही. तेथे मात्र दरीतली झाडी आणि दोन शाळकरी मुले यांच्याखेरीज पाहणारे कोणी नव्हते.

समाधीपाशी टेकले असतानाच दुकानातून फोन आला. दिवसभरातला पहिला. सून बोलत होती. "पप्पा, जुने गिऱ्हाईक आले आहे. मुलीच्या लग्नाचा बस्ता आहे, पस्तीस हजारांपर्यंत जाईल. मागची बाकी अठरा हजार तशीच आहे. सोयाबीन सगळे गेले म्हणतात. काय करू?"

शेठजींच्या तोंडावर नेहमीचे प्रश्न आले होते. गाव कोणते, सोबत कोण आले आहे, मागे वायदा कधी मोडला होता का. काकीजी त्यांच्याकडे पाहत होत्या. शेठजींनी विचारले, "बेटा, गिऱ्हाईक तुझ्या समोर आहे की माझ्या?"

"माझ्या समोर."

"मग निर्णयही तूच घे. मी रात्री विचारीन, पण मोडणार नाही."

फोन ठेवल्यावर त्यांना चैन पडले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. वर चढताना काकीजी गुडघ्यांमुळे थांबत होत्या आणि शेठजी विचारांमुळे. पावणेचारला दोघे गाडीत बसले तेव्हा चालकाने विचारले, "परळी करायची की परत फिरायचे?" दमलेल्या माणसाला परतीचा रस्ता जवळचा वाटतो. काकीजी म्हणाल्या, "परळी."

परळी येथून फार दूर नाही. गाव जवळ येते तसे औष्णिक वीज केंद्राचे धुरांडे आधी दिसतात, देऊळ नंतर. साडेचारला गाडी थांबली. सूर्य अजून वर होता. पायऱ्यांच्या खाली, एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून दोघांनी दुसरा डबा उघडला. दुपारच्या आग्रहामुळे भूक बेताची होती. पण सव्वापाचला शेवटचा घोट पिऊन दोघांनी पच्चक्खाण घेतले, तेव्हा दिवसाचे निम्मे ओझे उतरले. आता उजेड जाण्याचीही घाई उरली नव्हती.

वैजनाथाचे देऊळ उंचावर आहे आणि त्याच्या दगडी पायऱ्या रुंद आहेत. अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. परळीचे शेकडो व्यापारी, त्यांत आपल्या समाजाचेही कितीतरी, या पायऱ्यांच्या आधारानेच वाढले. यात्रेकरू आला की बाजार चालतो. काकीजींनी मोजून दहा पायऱ्या चढायच्या आणि थांबायचे, असा क्रम धरला. वर पोहोचल्या तेव्हा पश्चिमेकडे तांबडे फाटले होते आणि आरतीची तयारी चालू होती. सभामंडपाच्या एका कोपऱ्यात भिंतीला टेकून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "दुखते आहे खूप. पण बरे वाटते आहे." या दोन वाक्यांत दिवसाचा सारा अनुभव आला.

परतीचा रस्ता सिरसाळा, तेलगाव, वडवणीवरून. अंधार पडला होता. नातवाने सकाळीच आजीच्या मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली होती. त्यावर बारा हजार सहाशेचा आकडा दिसत होता. काकीजींनी मुलीला व्हिडिओ कॉल लावायला घेतला, पण तिकडे मध्यरात्र झाली असेल हे आठवून नुसता आकडा पाठवून दिला. जपानची वेळ आपल्या साडेतीन तास पुढे असते. तरीही उत्तर लगेच आले; मुलगी जागीच होती.

घरी नऊ वाजले. सुनेने वही समोर ठेवली. पस्तीस हजारांचा बस्ता तिने बावीस हजारांवर आणला होता. नवरीचा शालू आणि जावयाचा पोशाख मनाजोगता दिला. मानपानाच्या साड्या मात्र महाग ताग्यांतून न काढता मागच्या मोसमाच्या चांगल्या मालातून दाखविल्या. पाहुण्यांना ते कळणार नाही आणि बापाच्या डोक्यावर कर्ज होणार नाही, असे तिने गिऱ्हाइकाला समजावून सांगितले होते. सात हजार रोख घेतले, उरलेले तूर निघाल्यावर. शेठजींनी दोनदा वाचले. स्वतः असते तर त्यांनी एक तर भिडेने सगळा बस्ता उधार दिला असता किंवा मागची बाकी पुढे करून नकार दिला असता. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, "नवी बाकी वेगळ्या पानावर नको. जुन्या खात्यातच धर, म्हणजे दोन्हींचा वायदा एक राहील." सुनेने मान हलविली आणि तेथेच खोडून लिहिले.

जपानमधील ओमी प्रांताचे फिरते व्यापारी प्रसिद्ध होते. विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि गावाचे भले, असे तिहेरी समाधान ज्यात असेल तोच सौदा चांगला, हे तत्त्व त्यांच्या नावाने सांगितले जाते. सुनेला ओमी प्रांताची माहिती असण्याचे कारण नव्हते. ती हे आपल्याच दोन घरांच्या दुकानांत पाहत वाढली होती. तिला वापरण्याची संधी एका बुधवारी मिळाली.

त्या रात्री शेठजींनी नेहमीप्रमाणे दिवसाचा जमाखर्च लिहायला घेतला. गाडीभाडे आणि इंधन, चालकाचे जेवण, देवळांतील भेट, पार्किंग. रक्कम लहानच होती, पण ती कोठे मांडावी हे त्यांना कळेना. घरखर्चात बसेना, धर्मादायात बसेना, दुकानखर्चात तर नाहीच. शेवटी त्यांनी नवे पान घेतले आणि वर लिहिले, 'फिरणे खाते'. त्या पानावरची दुसरी नोंद तीन दिवसांनी झाली, आणि ती टोकियोच्या दोन तिकिटांची होती.

काकीजींचे गुडघे दोन दिवस शेकावे लागले. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालण्याचा आणि मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा सराव मार्चपर्यंत सांगितला आहे. जपानच्या जेवणाची चौकशीही सुरू झाली आहे. तेथील सूप आणि रसभाज्यांत 'दाशी' नावाचे माशांचे सत्त्व असते, त्यामुळे 'भाजी' असे सांगितले तरी भागत नाही. बौद्ध मठांतले 'शोजिन र्‍योरी' हे जेवण मांस-मासळीशिवाय आणि कांदा-लसणाशिवाय असते. कंदमुळे मात्र त्यात येतात, तेव्हा विचारूनच घ्यावे लागते. काकीजींनी यावर उपाय म्हणून खाखऱ्यांचे पाच डबे ठरविले आहेत. मुलगा सुरतेहून परतला आहे, तरीही दर बुधवारी गादीवर सूनच बसते.

ज्यांना असा दिवस काढावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबावे. गाडी सकाळी सहालाच निघावी. हिवाळ्याचे दिवस निवडावेत. उन्हाळ्यात बालाघाटाच्या माथ्यावर दुपारी चालवत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर मुकुंदराजांच्या पायऱ्या दुपारनंतर न ठेवता अंबाजोगाईत पोहोचताच उरकाव्यात. धारूरचा किल्ला, सौताड्याचा धबधबा आणि नायगावचे मोर यांना निराळा दिवस द्यावा. आता १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला अहिल्यानगरहून रेल्वेही येऊ लागली आहे. टोकियो-ओसाका मार्गावर वेगवान शिंकान्सेन १९६४ मध्ये धावू लागली, त्या मानाने आपल्या स्थानकाला उशीर झाला. पण पुण्या-मुंबईच्या नातलगांना जिल्हा पाहायला बोलावण्यास आता एक कारण अधिक झाले आहे. आणि अंबाजोगाईत कोणी व्याही असतील तर त्यांना आदल्या दिवशी कळवून, किती वेळ थांबणार तेही सांगून ठेवावे. न कळवता गेलेले तेथे लपून राहत नाही.